शाळेची किल्ली कुणाच्या हाती?



मेळाव्याच्या अंकात पहिल्या पानावर कापसाचा भाव असतो, सोयाबीनची खरेदी असते, नाहीतर थकलेल्या कर्जाचा हिशोब असतो. या अंकात तिथे शाळा आहे. अंकाची जुळणी चालू असताना काही कार्यकर्त्यांनी विचारलेही, "भाऊ, कोरोना गेला, शाळा सुरू झाल्या, आता हे जुनं काऊन उकरता?" प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की, बोंडअळी गेली म्हणून पुढच्या हंगामात कामगंध सापळे न लावणाऱ्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. साथ पुन्हा येईल. कोणती आणि कधी, हे कुणी सांगू शकत नाही. पण ती येईल त्या दिवशी "पोराला शाळेत पाठवायचे की नाही" हा प्रश्न वऱ्हाडातल्या घराघरात पुन्हा उभा राहील. मागच्या वेळी त्याचे उत्तर आपण दिले नाही, मुंबईने दिले. या वेळी ते उत्तर आधीच तयार ठेवावे, म्हणून हा विषय मेळाव्यापुढे ठेवत आहोत.

आईचे चार प्रश्न

नोव्हेंबर २०२० ची गोष्ट. नववी ते बारावीचे वर्ग २३ तारखेपासून सुरू होणार होते. दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी आम्ही वावरात गेलो होतो. वेचणी चालू होती. एका बाईने कमरेच्या ओटीतून घडी केलेला कागद काढला. शाळेने दिलेले संमतिपत्र होते ते.

"भाऊ, हे वाचून सांगा बरं. पोरीले शाळेत धाडतो मी, पन तिले काई झालं तं मीच जबाबदार, असं लिवलं हाय का याच्यात?"

तसेच लिहिले होते. शासनाने पालकांची लेखी संमती मागितली होती. त्या शाळेने छापलेल्या कागदात तिच्यासोबत जबाबदारीही पालकाच्या गळ्यात बांधली होती. आम्ही वाचून दाखवले. मग तिने एकामागून एक चार प्रश्न विचारले. एका खोलीत पोरे किती बसतील? मास्तरांची तपासणी झाली का? घरी दम्याची सासू आहे, पोरगी आजार घेऊन आली तर म्हातारीला वेगळे कुठे ठेवू? आणि पोरगीच आजारी पडली तर दर्यापुरात भागेल की अमरावतीला न्यावे लागेल?

आम्ही कृषीचे पदवीधर. पेरणीआधी उगवणशक्ती किती, ओल किती, भाव काय, हे विचारणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही जाणकार म्हणतो. त्या बाईचे प्रश्न त्याच तोडीचे होते. पण त्यांची उत्तरे आमच्याजवळ नव्हती, ग्रामपंचायतीजवळ नव्हती आणि शाळेजवळही नव्हती. उत्तरे कुणीच देईना आणि सही मात्र तिची मागितली. पुढे कित्येक महिने शहाणे लोक म्हणत राहिले की खेड्यातल्या पालकांना शिक्षणाची किंमत नाही, म्हणून ते पोरे पाठवत नाहीत. हा आरोप आम्हाला मान्य नाही. गाडगेबाबांनी खराटा हातात धरून ज्या मुलखात शाळेचा आग्रह धरला, पापळच्या पंजाबरावांनी जिथे शेतकऱ्याच्या पोरांसाठी वसतिगृहे आणि शाळा उभ्या केल्या, त्या मुलखाला शिक्षणाची किंमत कुणी शिकवू नये.

भीती खरी होती

पालकांची भीती खोटी नव्हती, हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. चार आठवडेही झाले नाहीत तोच दुसरी लाट उसळली आणि तिचा राज्यातला पहिला तडाखा आपल्याच भागाला बसला. फेब्रुवारीत अमरावती शहरात रोज शेकड्यांनी रुग्ण निघू लागले. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरे बंद झाली, अकोल्यातही निर्बंध आले. त्याच आठवड्यात वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या देगाव येथे एका निवासी शाळेच्या वसतिगृहात २२९ विद्यार्थी बाधित निघाले. त्यात आपल्या अमरावती जिल्ह्यातली आणि यवतमाळची पोरे जास्त होती. पुढे ज्या विषाणूला जगाने 'डेल्टा' म्हणून ओळखले, त्याचे पहिले नमुने ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातच घेतलेले होते. त्या फेब्रुवारीत ज्या आईबापांनी पोरे घरी ठेवली, त्यांना भित्रे म्हणण्याची आमची छाती नाही. तेव्हा शाळा बंद करणे बरोबरच होते.

आपल्या मुलखाला साथ नवी नाही. प्लेगच्या काळात आपल्या आज्या-पणज्यांनी गाव सोडून वावरात झोपड्या टाकल्या. १९१८ च्या मानमोडीने मध्य प्रांत आणि वऱ्हाडात जेवढी माणसे नेली तेवढी हिंदुस्थानात फार थोड्या भागांतून गेली. पण त्या झोपडीतले एक शहाणपण लक्षात घ्या. गाव ओस पडायचा तो मुदतीपुरता. उंदीर पडायचे थांबले आणि दुखणे सरले की लोक घरे झाडून-सारवून परत यायचे. गाव केव्हा सोडायचा आणि केव्हा परत यायचे, हे आपले आपण पाहून ठरत असे.

क्रम पाहा, मग बोला

आता मागच्या वेळचा क्रम पाहा. मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या. मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडली. ५ नोव्हेंबर २०२० ला चित्रपटगृहे निम्म्या खुर्च्यांवर सुरू झाली. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, देवळे उघडली. त्यानंतर २३ नोव्हेंबरला नववी ते बारावीचे वर्ग. १५ जानेवारी २०२१ ला राज्यभर चौदा हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि गावोगावी मतदानाच्या पेट्या कुठे मांडल्या? जिल्हा परिषद शाळेच्या खोल्यांत! ज्या खोलीत बाप रांग लावून मत देऊन आला, त्याच खोलीत त्याच्या दुसरीतल्या पोराला बसायला मनाई होती. खेड्यातली पहिली ते चौथी सुरू झाली ती १ डिसेंबर २०२१ ला. म्हणजे वीस महिन्यांनी. आणि जानेवारी २०२२ मध्ये नवी लाट आली तेव्हा पहिल्या धक्क्याला पुन्हा शाळाच बंद झाल्या.

देवळाला किंवा सिनेमाला आमचा विरोध नाही. ज्याचा मालक जोरात ओरडतो ते आधी उघडते, एवढेच यातून दिसते. सहा वर्षांच्या पोराची संघटना नसते.

यात विज्ञान कुठे होते? जून-जुलै २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर रक्ताचे नमुने तपासले. सहा ते सतरा वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांच्या रक्तात कोरोनाची प्रतिद्रव्ये सापडली. शाळा बंद असूनही आजार घरातून, बाजारातून, लग्नातून मुलांपर्यंत पोहोचून गेला होता आणि बहुतेक मुले त्यातून सुखरूप बाहेर आली होती. त्याच जुलैत परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी सांगितले की, शाळा उघडायच्या झाल्यास प्राथमिक वर्गांपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल, कारण लहान मुले हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात. डेन्मार्कने तर १५ एप्रिल २०२० लाच धाकट्या मुलांच्या शाळा आधी उघडल्या होत्या आणि जमेल तिथे वर्ग अंगणात भरवले होते. आपल्याकडे तीच तारीख योग्य ठरली असती असे नाही. तिथे साथ उतरत होती, इथे चढत होती. पण क्रम तरी शिकता आला असता. आपण उलटा लावला. मोठी पोरे आधी, धाकटी सर्वांत शेवटी. अक्षरओळख ज्याची व्हायची आहे, तोच सर्वांत जास्त दिवस घरी बसला.

जबाबदारी गावाची, किल्ली मुंबईची

एक गोष्ट मात्र चांगली झाली होती, ती नोंदवली पाहिजे. ७ जुलै २०२१ च्या शासन निर्णयाने प्रथमच गावाला विचारले. ज्या गावात महिनाभर एकही रुग्ण नाही तिथे आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून सुरू करता येतील, असे ठरले. सरपंच अध्यक्ष, तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सदस्य, अशी समिती नेमली. एका बाकावर एक विद्यार्थी, वर्गात पंधरा-वीस जण, गरज पडल्यास दोन पाळ्या, शिक्षकांचे लसीकरण, अशा अटी घातल्या. त्याच सुमारास शासनाने पालकांचे मत मागवले तर सुमारे ८१ टक्के पालकांनी शाळा सुरू करा म्हणून सांगितले. म्हणजे पालक आडमुठे नव्हते. अटी समजावून सांगितल्या, गावाला विश्वासात घेतले, की ते तयार होते.

पण गावाला मिळाली ती जबाबदारी. किल्ली मुंबईतच राहिली. समिती नेमली, पण तिच्या हातात दमडी दिली नाही. हात धुवा म्हणाले. खारपाणपट्ट्यातल्या गावांत नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येते, पिण्याचे पाणी विकत आणावे लागते, तिथे शंभर पोरांचे हात कशाने धुवायचे? औषधाच्या बाटल्या आल्या, तापमानाच्या बंदुका आल्या. हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो हे एव्हाना कळून चुकले होते. म्हणजे खरी गरज होती उघडणाऱ्या खिडकीची आणि न गळणाऱ्या व्हरांड्याची. त्यासाठी वेगळा निधी आल्याचे आम्ही फिरलो त्या गावांत कुठे पाहिले नाही. आठवीपर्यंत शाळा असलेल्या गावाने सातवीही उघडतो म्हटले तर परवानगी नाही. ऑगस्टमध्ये १७ तारखेपासून आणखी वर्ग सुरू होतील असे जाहीर झाले, लगेच थांबवले. शेवटी ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून वर्ग उघडले. तोवर सोयाबीन सोंगायला आले होते आणि अर्धी पोरे मजुरीला लागली होती.

मग आली एस.टी.ची संपकरी कोंडी. नोव्हेंबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत लालपरी जवळपास उभीच होती. शाळा उघडी, पण पाच-सात कोसांवरच्या शाळेत पोरगी जाणार कशी? मुलींचा मोफत पास एस.टी.चा असतो, काळीपिवळीचा नसतो. कित्येक बापांनी तेव्हा पोरीचे दप्तर जे खुंटीला टांगले ते पुन्हा काढलेच नाही. त्यातल्या काही मुलींची लग्ने अठरा व्हायच्या आत झाली. हे आपल्या गावातले आहे, आपल्याला नावानिशी माहीत आहे.

सापळा बघून फवारणी

आम्ही कृषी विद्यापीठात शिकलो आणि पुढे तुम्हाला बांधावर सांगत आलो की, तारीख पाहून फवारू नका, कीड पाहून फवारा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी आठ पतंग आले तरच फवारणीला हात घाला. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. तिच्या खाली फवारले तर पैसा जातो, मित्रकीड मरते आणि अळी निगरगट्ट होते. तिच्या वर जाऊनही फवारले नाही तर पीक जाते.

शाळा बंद करणे ही फवारणी आहे. कधीकधी लागतेच. पण तिचेही विष पोरांच्या अंगात जाते. म्हणून तीही सापळा बघून करावी. चिखलदऱ्याच्या एखाद्या पाड्यात दोन महिने कुणाला ताप नाही आणि अमरावती शहरात रुग्ण वाढले म्हणून त्या पाड्यावरची शाळा बंद, याला कोणते शास्त्र म्हणावे? ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही तिथे 'शाळा बंद, शिक्षण चालू' ही घोषणा म्हणजे थट्टाच. दूरदर्शनवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' मालिका लागत होती, उपक्रम चांगला होता; पण घरात टीव्ही हवा आणि त्या वेळी वीज हवी. जिथे मोबाइल होता तिथे तो एक होता आणि तो बापाच्या खिशात वावरात जात होता.

राहिलेल्या नांग्या

नुकसान किती झाले? २०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. शेतकऱ्याला या आकड्याचे नवल वाटू नये. पीक बुडाले तरी कागदावर पैसेवारी पन्नासच्या वर दाखवणारी व्यवस्था आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. खरे पीक वावरात मोजावे लागते. ते मोजले 'असर' या सर्वेक्षणाने, गावोगावी घरी जाऊन, पोराच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देऊन. २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतली २७.३ टक्के मुले तो वाचू शकत होती. २०२२ मध्ये हा आकडा २०.५ वर आला. ही तिसरीतली मुले कोणती? जून २०२० मध्ये ज्यांचे नाव पहिलीत घातले आणि ज्यांनी वर्गाची पायरी पहिल्यांदा चढली ती दुसरीचे अर्धे वर्ष संपल्यावर. पाचवीत तोच उतारा वाचणारे ५०.५ वरून ४२.८ टक्क्यांवर घसरले.

पेरणीनंतर आठ-दहा दिवसांत नांग्या भरल्या तर पऱ्हाटी सारखी होते. महिना उलटल्यावर डोबलेले बी उगवते खरे, पण मोठ्या झाडांच्या सावलीत पिवळे पडून राहते. या मुलांचे तसेच होत आहे. वर्ग पुढे सरकत गेला, वाचता न येणारे पोर सरकत्या वर्गासोबत ढकलले गेले. नांग्या भरण्याची मोहीम म्हणावी तशी झालीच नाही.

आमचीही चूक

सरकारला बोल लावताना आपल्याकडेही बोट वळवले पाहिजे. त्या वीस महिन्यांत आम्ही खरेदी केंद्रांसाठी निवेदने दिली, पीकविम्यासाठी तहसीलवर बसलो, वीजतोडणी अडवली. शाळेसाठी एकही मोर्चा काढला नाही. शिक्षण हा मास्तरांचा विषय, असे आम्हीही धरून चाललो. त्या बाईने धुऱ्यावर विचारलेल्या चार प्रश्नांवर एक बैठकही बोलावली नाही. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचा अधिकार तिला आहे. आपल्यातल्या किती जणांना आपल्या गावच्या समितीत कोण आहे हे ठाऊक आहे? किती समित्यांच्या सभा फक्त वहीत होतात? हक्क कायद्यात होता, आम्ही तो उचललाच नाही.

मेळाव्यापुढील ठराव

म्हणून मेळाव्याने पुढील ठराव चर्चेला घ्यावा, दुरुस्त करावा आणि अमरावती व अकोला या दोन्ही जिल्हा परिषदांकडे पाठवावा, असे आम्ही सुचवतो.

१. साथीत शाळा सर्वांत शेवटी बंद व्हावी आणि सर्वांत आधी उघडावी. आजाराचा धोका लहान मुलांना कमी असेल तर धाकटे वर्ग आधी.

२. बंदीचा आदेश गावाच्या किंवा केंद्राच्या पातळीवर, रुग्णसंख्या पाहून निघावा. कोणताही आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा नसावा. मुदत वाढवायची तर कारण लिहून द्यावे.

३. पालकांची संमती घ्यावी, पण जबाबदारी पालकावर ढकलणारे वाक्य संमतिपत्रात नसावे. गावातली रुग्णसंख्या, शिक्षकांची तपासणी व लसीकरण आणि जवळच्या दवाखान्यातली सोय ही माहिती दर आठवड्याला शाळेच्या फळ्यावर लागावी. ज्या घरात म्हातारे, आजारी माणूस आहे त्याने मूल घरी ठेवले तर त्याचे नाव कापू नये, मास्तरांनी त्याला घरी अभ्यास पोहोचवावा.

४. प्रत्येक शाळेच्या खिडक्या, व्हरांडा, पाणी आणि संडास यांची तपासणी व्यवस्थापन समितीने येत्या उन्हाळ्यात करावी. आपल्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि लगेच पावसाची झड लागते. झडीतही उघडी ठेवता येईल अशी खिडकी हवी. दुरुस्तीचा पैसा समितीच्या खात्यावर यावा.

५. साथीत शिक्षकांना नाक्यावर आणि सर्वेक्षणात जुंपू नये. लस द्यायची तर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या पाठोपाठ त्यांना द्यावी.

६. शाळा उघडी आणि एस.टी. बंद अशी वेळ आल्यास मुलींसाठी पर्यायी गाडीची सोय जिल्हा प्रशासनाने करावी.

७. त्या वीस महिन्यांत मागे राहिलेल्या प्रत्येक मुलाचा शोध घ्यावा, शाळा सोडली असेल तरी. वाचता येईपर्यंत त्याला शिकवण्याची जबाबदारी निश्चित करावी.

यातले बहुतेक मुद्दे सरकारने करायचे आहेत. चौथ्याची सुरुवात आणि सातव्याचा शोध आपण उद्यापासून करू शकतो. त्याला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक शाखेने आपल्या गावची व्यवस्थापन समितीची सभा खरोखरीची भरवावी, आयाबहिणींना बोलवावे आणि एका वहीत तीन नोंदी कराव्यात: किती खिडक्या उघडतात, पाणी किती दिवसांनी येते, आणि कोणत्या पोराला वाचता येत नाही. त्या वह्या घेऊन पुढच्या मेळाव्याला या.

ती दर्यापूरची बाई पुढे भेटली होती. तिने तेव्हा सही केली नव्हती. पोरगी बारावीपर्यंत शिकली, पण नववीचे ते वर्ष तिचे कोरेच गेले. आम्ही विचारले, सही काऊन नाही केली? ती म्हणाली, "भाऊ, मले कोनी सांगतलंच नाई. सांगतलं असतं तं केली असती."

पुढच्या वेळी तिला सांगणारे कुणीतरी गावातच असले पाहिजे. मेळाव्याला याल तेव्हा त्याची तयारी करून या.